शंभर वॅटचा बल्ब

परवा कपाट आवरताना हेडलाइटच्या बल्बचं रिकामं खोकं सापडलं. त्यावरचं गणित माझ्याच अक्षरातलं. तेव्हा माझी दहावी नुकतीच झाली होती. लातूरला क्लासला टाक म्हणून सगळे सांगत होते, पण भूकंपानंतर पोरीला घरापासून लांब ठेवायला आबांचं मन धजत नव्हतं. त्या दुपारी औशाहून आम्ही दोघं आमच्या जुन्या जीपचे बल्ब घ्यायला लातूरला आलो. दुकानात ऑइलचा आणि नव्या रबराचा वास कोंदला होता. दुकानदारानं शटर अर्धं ओढून अंधार केला, बल्ब बॅटरीला लावला आणि समोरची भिंत लख्ख पांढरी झाली. "शंभर वॅट हाय, लई फोकस पडतो!" आबा खूश. "द्या दोन." आदल्याच दिवशी जीपच्या हेडलाइटचा फ्यूज बदलताना त्यावर पंधरा अँपिअर लिहिलेलं मी वाचलं होतं. "आबा, थांबा!" म्हणत मी खोक्यावरच मांडलं: बॅटरी बारा व्होल्टची, शंभर भागिले बारा म्हणजे आठ अँपिअरच्या वर, दोन बल्बचे सोळाच्या वर. "फ्यूज उडणार. साठचेच घ्या." दुकानदारानं खोकं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "पोरगी कुठल्या क्लासला हाय?" आबांनी त्याच्या हातातलं खोकं घेऊन खिशात टाकलं. मग म्हणाले, "आता टाकायलोय." साठचे बल्ब बसले आणि जीप थेट क्लासच्या दिशेनं निघाली, भर उन्हात दोन्ही दिवे लावून. समोरून येणारे बोटांची उघडझाप करून दिवे चालू असल्याची खूण करत होते आणि आबा प्रत्येकाला हात उंचावून रामराम घालत होते. अजूनही दिवसा दिवे लावलेली गाडी दिसली, की मला वाटतं, कुणाची तरी पोरगी ॲडमिशनला निघालीय.