चिन्नोरची पिशवी

काल लाखांदूरहून भावानं नवा चिन्नोर तांदूळ पाठवला. आज कुकरचं झाकण उघडलं आणि त्या वासाबरोबर विद्यापीठातली एक खोली आठवली.

मी साकोलीच्या कॉलेजात शिकत होते. नागपूरच्या कॉलेजात बदलून जायचा माझा अर्ज नामंजूर झाला, म्हणून मी विद्यापीठाकडे अपील केलं. सुनावणी लागेपर्यंत दिवाळी उलटली. बाबा सोबत आले, ते कापडी पिशवीत नवा तांदूळ घेऊनच. नवं धान निघालं की आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत.

सुनावणी घेणारे साहेब माझं म्हणणं शांतपणे ऐकत होते. तेवढ्यात बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि तिचं तोंड सोडलं. फायलींच्या धुळकट वासात चिन्नोरचा वास मिसळला.

"आमच्या बांधीतला आहे जी. घरी रांधून पाहा."

साहेबांचा चेहरा बदलला. "हे आधी उचला. इथे असलं चालत नाही."

अपील तिथंच फेटाळलं गेलं. तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटलं होतं. आता कारण काय दिलं होतं तेही आठवत नाही. साकोलीतच पदवी झाली, पुढे नोकरीही लागली.

परतीच्या एसटीत बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "ॲडमिशन नाही देली, तं नाही देली. पर तांदूळ काहून नाही घेतले साहेबानं?"

साहेबांना ती लाच वाटली, हे मला कळलं होतं.

"डॉक्टरनं त्यांले भात बंद केला असन, बाबा," मी म्हणाले.

पवनी येईपर्यंत बाबा साहेबांसाठी हळहळत होते.