छपराखालचं कासाराचं दुकान

कल्याणच्या खाडीजवळ आमचा छपराचा बाजार होता. मधून वाट, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर एकच लांब कौलारू छप्पर. आमच्या एका अंगाला कोकणी मुसलमानाचं अत्तराचं दुकान, दुसऱ्या अंगाला शनवार पाळणाऱ्या बेने इस्राएल तेल्याचं. मधे आम्ही काचेच्या बांगड्या भरणारे कासार.

घरधनी तापाने गेले तेव्हा मी चोविशीतली. पदरात दोन मुली. तीन महिन्यांनी मी दुकानाच्या फळ्या काढल्या, तर समोरचा धान्याचा व्यापारी चार जणांना घेऊन आला.

"विधवेच्या हातून सवाष्णींनी बांगड्या भरायच्या? दुकान दिराला द्या."

"दिराला बांगडी चढवता येत नाही," मी म्हणाले. "मला येते."

"कुणी येणार नाही."

"मग रिकामी बसेन."

आणि बसले. अकरा दिवस कुणी फिरकलं नाही. रोज हात धरून गप्पा मारणाऱ्या बायका पदर सावरत लांबून जायच्या. मी काचा पुसायची, पुन्हा मांडायची. घरी जाऊन रडायची. दुकानात मात्र नाही.

बाराव्या दिवशी शेजारच्या तेलीणकाकू आपल्या लेकीला घेऊन आल्या. चार दिवसांवर तिचं लग्न होतं.

"अहो, शुभकार्य आहे, विचार करा!" व्यापारी समोरून ओरडला.

"हात माझ्या लेकीचा आहे," काकू म्हणाल्या. "भर गं."

मी भरायला घेतलं. तिसरी बांगडी तडकली. सगळा बाजार थबकला.

"बघा! वाढली!" व्यापारी म्हणाला. बांगडी फुटली असं आमच्यात कुणी म्हणत नाही.

"वाढली नाही," मी मोठ्याने म्हणाले. "फुटली. काच आहे ती." आणि दुसरी घेतली. दोन्ही हात कोपरापर्यंत भरले.

ठाकुर्लीकडची एक आगरीण मिठाची पाटी घेऊन वाटेतच उभी होती. तिने पाटी खाली ठेवली आणि फतकल मारून बसली. "मना पन भर गो बाय. हिरव्या."

त्यानंतर गिऱ्हाईक हळूहळू आलं, सगळं नाही. वरच्या आळीतल्या बायका ठाण्याला जाऊन बांगड्या भरत राहिल्या. मी मात्र त्याच जागी वीस वर्षं बसले, दोन्ही मुलींना हाच धंदा शिकवला. व्यापाऱ्याच्या घरच्या बायका शेवटपर्यंत आल्या नाहीत. मीही त्यांना कधी हाक मारली नाही.