दोन कुकारे

आमच्या जोयड्याच्या रानात मोबाईलला रेंज हवी तर डोंगर चढावा लागतो. म्हणून मोटारीचं काम अजून कुकाऱ्यावर, म्हणजे 'कूऽऽ' अशा लांब हाकेवर, चालतं. पाण्याची मोटार खाली ओहळात, तिचा मेन स्विच वर घरात, आणि मधे एवढी झाडी की खालचा माणूस वरच्याला दिसत नाही. खालच्याने एक कुकारा घातला की बंद, दोन घातले की चालू. हा नियम माझ्या वडिलांचा, आप्पांचा. नियम मोडलेला त्यांना खपत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला माकडांनी उड्या मारमारून मोटारीची वायर तोडली. सुपारीच्या रोपांनी माना टाकल्या. उळवीच्या जत्रेला गेलेला वायरमन काही परतेना.

"कशाला पायजे वायरमन? दोन वायरी तर जोडायच्या," आप्पा म्हणाले.

"मी उतरतो खाली."

"तू? बल्ब बदलताना तुला घाम फुटतोय. स्विचपाशी बस. कुकारा ऐकल्याबिगर हात लावायचा न्हाई, कळलं?"

"व्हय," म्हटलं. चाळिशी उलटली तरी त्यांच्यापुढे माझं तोंड तेवढंच उघडतं.

मी स्विच खाली पाडून बंद केला आणि बसलो. फ्यूज काढून ठेवावा हे ना त्यांना सुचलं, ना मला. बसून बसून पायाला मुंग्या आल्या. मग कुकारा आला. एक. लगेच दुसरा. मी स्विच वर केला.

स्विच वर केला की त्याच्यावरचा बल्ब लागतो. तो लागलाच नाही. लाईट गेली होती! माझा पारा असा चढला म्हणता! "मेल्यांनो, आत्ताच मुहूर्त सापडला काय रे तुम्हाला?" असा लाईटवाल्यांचा उद्धार करत बसलो.

थोड्या वेळाने आप्पाच धापा टाकत वर आले. ओठ चिरला होता.

"चिकटपट्टी हितंच ऱ्हायली. आन् सुरी बी बोथट, दातानंच सोलाय लागली वायर."

"पण आप्पा, तुम्ही कुकारा घातलात की. दोन."

"मी? तोंडात वायर हुती की रं, कुकारा कुठनं घालू? पल्याडच्या अंगाला कोण तरी वरडत हुतं."

तेवढ्यात बल्ब लागला.

आप्पांनी बल्बकडे पाहिलं, मग वर केलेल्या स्विचकडे, मग माझ्याकडे.

त्यांनी स्विच पाडला. फ्यूज उपसून कमरेच्या बटव्यात टाकला, चिकटपट्टी घेतली आणि पुन्हा खाली उतरले. एक शिवी नाही. चहा सांडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! चार शिव्या हासडल्या असत्या, तर रडून तरी मोकळा झालो असतो.

त्या दिवसापासून आमच्या ओहळातून कुकारा येत नाही. मोटारीचं काही काम निघालं की आप्पा फ्यूज घेऊन खाली जातात. काम झालं की सत्तरी पार केलेला तो माणूस गुडघे धरत वर येतो, बटवा सोडतो आणि आपल्या हाताने फ्यूज लावतो. मी बाजूला उभा असतो.