देवाने बाद केलेला गडी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ती गेली तेव्हाही तिची खात्री होती की आपल्या पोराला नोकरी देवाने लावली. तुम्हालाच का सांगतोय, तेही नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणून. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा क्रिकेटवर गप्पा मारून उठलो.

तर — कबड्डी. लालबागला आमची चाळ, आवारात पिंपळ, पिंपळाखाली एक काळा दगड. आजोबांच्या पिढीची माणसं गिरणीत लागायला कोकणातून आली, तेव्हा त्यांनी तो इथे बसवला. राखणदार. गावी हा देव वेशीवर उभा राहून गाव सांभाळतो. आम्हाला इथे गाव कुठलं? त्याने चाळ सांभाळायची आणि चाळीचा कबड्डी संघ. संघाचं नावही राखणदार क्रीडा मंडळ.

आणि या देवाच्या संघाचे सलग काही हंगाम असे गेले, की आजही चाळीतले म्हातारे तो विषय निघाला की आवाज खाली आणतात.

पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात आमचा हुकमी चढाईपटू बोनस रेषेवर कोसळला. आजूबाजूला कोणी नाही. घोटा गेला. मातीत पडल्या पडल्या म्हणाला, "कोणीतरी पाय धरला रे." समोरच्यांनी शपथा घेतल्या, आम्ही शिवलोसुद्धा नाही. पुढच्या वर्षी त्याच्या जागी आलेला पोरगा ऐन पहिल्या सामन्याला डोळे पिवळे घेऊन उठला. कावीळ. त्याच्या जागी आलेला अर्ध्या हंगामात दुबईला गेला. आता व्हिसा लागण्यात भुताचा काय संबंध? पण तोवर आम्ही सगळंच एका माळेत ओवायला लागलो होतो. मग तो उपांत्य सामना. एका गुणाने पुढे आहोत, त्यांची शेवटची चढाई, आणि मैदानाचे दिवे गेले. सगळ्या परळचे चालू, फक्त आमच्या मैदानाचे गेले. परत आले तेव्हा गुणफलकावर घुबड बसलेलं. पंचांनी चढाई पुन्हा घ्यायला लावली आणि आम्ही हरलो. दरवर्षी नवे गडी, दरवर्षी नवं विघ्न. होता होता जुन्या सातांपैकी दोघेच उरलो — मी आणि प्रशिक.

माझा विश्वास होता का या सगळ्यावर? अर्धा. घुबडावर होता. दुबईवर नव्हता.

आता प्रशिकबद्दल सांगायला हवं, आणि इथेच माझी गाडी अडते.

तो गल्लीपलीकडच्या चाळीतला. ती बौद्धांची चाळ, आमच्याकडे तिचा उल्लेख "समोरची चाळ" असा व्हायचा, एवढंच. त्यांच्या घरात सकाळी वंदना असायची; नवस, अंगारे, कौल यांना थारा नव्हता. शाळेत असल्यापासून आमच्या आवारात खेळायला यायचा, कारण त्यांच्या चाळीला आवार नव्हतं. सामन्याआधी आम्ही सगळे दगडाला हात लावून कपाळी न्यायचो. हा बाजूच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा. "तुम्ही पाया पडा, मी वॉर्मअप करतो," म्हणायचा. जिंकत होतो तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

कसा खेळायचा? चढाईला गेला की त्याचा दम एका सुरात चालायचा, घरात कोणी काम करता करता गुणगुणावं तसा. घाई नाही. समोरच्याला वाटायचं, हा आता परत चाललाय — आणि पाय लागलेला असायचा. मी कर्णधार होतो, कारण मी चाळीतला होतो. चांगला तो होता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्याने ते एकदाही मला जाणवू दिलं नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा. आहे की नाही गंमत?

त्या वर्षी बातमी आली की एका सरकारी खात्याच्या संघाला चढाईपटू हवाय. खेळाडूंच्या कोट्यातली कायमची नोकरी. त्यांचे प्रशिक्षक आमच्या पुढच्या स्पर्धेला बघायला येणार होते. एकच जागा, आणि आमच्यात चढाईला जाणारे मुख्य दोघेच, तो आणि मी. आमच्या बाबांची गिरणी बंद पडलेली, हे सांगू का? नको. ते सांगितलं की तुम्हाला लगेच माझी कीव येईल. प्रशिकच्या बाबांचीही तीच गिरणी बंद पडली होती.

कौल लावायची कल्पना माझी नव्हती. एवढं मात्र खरं. ती बाबीकाकांची. ते राखणदाराची पूजाअर्चा बघायचे, चाळीत त्यांचा शब्द चालायचा. संघात कोणाचा तरी दोष आहे, तो देवालाच विचारू, असं त्यांनी ठरवलं.

कौल कसा लावतात ते सांगतो. देवाच्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. मग वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आम्ही एकेका गड्याचं नाव घेऊन विचारणार होतो, याला ठेवू ना? बाबीकाकांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. पाकळ्या लावायला त्यांनी मला पुढे केलं. कर्णधार ना मी.

रविवारची सकाळ होती. मी आंघोळ करून, सोवळ्याचा पंचा नेसून गेलो. आणि निघण्याआधी — हे लिहिताना हात थांबतोय — निघण्याआधी घोट्याला लावायच्या चिकटपट्टीचा डिंक खरवडून अंगठ्याच्या नखात भरून घेतला.

बघा, हे रागाच्या भरात झालं नाही. नखात डिंक भरायला वेळ लागतो.

बाबीकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखणदारा, पोरांच्या पायात कोण आडवो येता, ता आज दाखय रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी मागून "होय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. बाकीच्या नावांना मी डावी पाकळी भरपूर ओली करून दाबली, उजवी नुसती टेकवली. उजव्या पडत गेल्या. माझ्या नावालाही पडली, लोकांनी हात जोडले. प्रशिकच्या नावाला उजव्या पाकळीखाली डिंक लावला. डावी कोरडीच टेकवली.

डावी लगेच पडली. उजवी पडलीच नाही.

प्रशिक पायरीपाशी हाताची घडी घालून उभा होता. तो हसला. त्याला खरंच वाटलं असणार की आता सगळे हसतील. मग त्याने एकेकाकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"सूर्या, तू तरी बोल ना काहीतरी."

"एक सीझन थांब रे," मी म्हटलं. "देवाचं आहे. माझ्या हातात काय आहे?"

माझ्या हातात काय होतं ते नखात होतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, नोकरीसाठी माणूस असं करतो. थांबा. अजून मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. तेवढी वगळून हे संपवता आलं असतं तर मी कधीच संपवलं असतं.

मला ठाऊक होतं की त्याचं नाव आलं तर कोणी हरकत घेणार नाही. चाळीतल्या एखाद्या पोराचं नाव आलं असतं, तर त्याची आई पदर खोचून आली असती, कौल पुन्हा लावा म्हणाली असती आणि पुन्हा लावलाही असता. प्रशिकसाठी कोणी पुन्हा लावा म्हणालं नाही. एकही माणूस नाही. उलट सगळ्यांचे चेहरे सैल झाले. जणू हे उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं, फक्त देवाने सांगायची खोटी होती. आम्ही सगळे एका ताटात जेवलेलो, त्याच्या बहिणीच्या लग्नात वाढायला उभे राहिलेलो. आमच्यात कोणी जात काढत नाही, असं आम्ही छाती पुढे काढून सांगायचो. आणि मला नेमकं माहीत होतं की ती कुठे ठेवलेली आहे आणि कशी वर काढायची. जातीचा शब्दही न उच्चारता काढली. देवाच्या हातून काढून घेतली.

त्या वर्षी आम्ही स्पर्धा जिंकलो. झालं, आणखी काय पुरावा हवा? प्रशिक्षकांनी मला घेतलं. डिंकाने चिकटलेली ती पाकळी पुढे बरेच दिवस दगडावर सुकत राहिली. "देवान धरून ठेवल्यान," बाबीकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पार गिरगावातून माणसं ती बघायला आली. आणि कौलाला माझा हात चांगला, असं नाव झालं. मग कोणाचं लग्न, कोणाचं गावचं घर — पाकळ्या लावायला मला बोलावणी यायला लागली. मी जायचो. प्रसादाचा नारळ घरी आणायचो. आई तो कौतुकाने फोडायची.

प्रशिक दादरच्या एका संघात गेला. ते पहिलाच सामना हरले. एरवी कोणीही हरतं. पण आमच्या कौलाची गोष्ट त्याच्या आधी तिथे पोचली होती. पुढच्या संघातही तेच. त्यानंतर त्याने खेळ सोडल्याचं ऐकलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, लग्न झालं, शीवला राहायला गेला. रस्त्यात भेटला की हसून बोलायचा. मला वाटायचं, चला, विसरला. नाही, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, बरं झालं, त्याला कळलं नाही.

मी आता साहेब झालोय. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहतो, कबड्डीच्या स्पर्धांना पाहुणा म्हणून जातो, शाल पांघरून घेतो. गेल्या थंडीत मुलींच्या एका स्पर्धेला परळला गेलो होतो. मैदानाच्या भिंतीबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी प्रशिक उभा दिसला. केस पांढरे, कंपनीचा शर्ट. आतून आरडाओरडा झाला की मान उंचावायचा. गेटमधून येणाऱ्या पोरांना गुण विचारत होता.

त्याची पोरगी आत खेळत होती. श्रावस्ती.

"अरे, मग बाहेर काय करतोस? आत चल," मी म्हटलं.

"नको रे." तो रसाच्या ग्लासात बघत होता. "मी आत गेलो की हरतात."

मी गेटकडे बघितलं.

"तू हसशील. मी पण आधी हसायचो. पण बघितलंय मी, सूर्या. शाळेच्या मॅचला गेलो, हरली. जिल्ह्याला गेलो, हरली. तेव्हापासून बाहेरच थांबतो. तिला सांगतो, ड्युटी आहे." मग म्हणाला, "बाबा असते तर जोड्याने मारलं असतं मला. आमच्या घरात हे असलं काही नव्हतं ना कधी."

कळतंय का तुम्हाला? ज्या घरात देवाला प्रश्न विचारत नाहीत, त्या घरातला माणूस. आम्ही अंगारा लावायचो तेव्हा नाड्या बांधत बसणारा. त्याच्या मनात मी माझा देव घातला, तोही खोटा. आणि इतकी वर्षं प्रशिक त्याला वाहतोय. आम्ही सोडून दिलं, चाळ पाडून टॉवर आला, बाबीकाका गेले — एकटा तोच अजून त्या कौलाला मानतोय.

एक वाक्य पुरे होतं. डिंक होता रे, प्रशिक. चार शब्द. तो भिंतीबाहेर, मी त्याच्यासमोर, आणि आत त्याची मुलगी चढाईला निघालेली. ओठांपर्यंत आलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. ओठांपर्यंतही आलं नाही. माझ्या मनात आलं ते असं, की आत मुख्य पाहुण्याची खुर्ची रिकामी असेल, संयोजक शोधत असतील.

"बरं, मी जाऊन येतो," म्हटलं आणि आत गेलो.

पोरगी काय खेळते! दम तोच, तसाच घाई नसलेला. तिने शेवटच्या चढाईत दोघींना बाद केलं आणि वळून प्रेक्षकांत बघितलं. कोणाला शोधत होती ते त्या मैदानात फक्त मला माहीत होतं. उत्कृष्ट चढाईपटूचा चषक तिला माझ्याच हस्ते दिला गेला. तुझ्या वडिलांबरोबर मी खेळलोय, असं मी तिला म्हटलं. तिचा चेहरा उजळला.

"पप्पांना सुट्टीच मिळत नाही, काका."

"पुढच्या वेळी येतील," मी म्हटलं.

बाहेर आलो तर तो गेटपासून थोडा लांब उभा होता, पोरीला दिसू नये असा. मला बघून घाईने पुढे आला.

"जिंकली ना?"

"जिंकली."

"बघ," तो म्हणाला. इतका खूश होता. "बाहेर थांबलो म्हणून. खरं की नाही?"

मी म्हटलं, "हो."