ओव्हिलाला न दिसलेली रेघ

ओव्हिला व्हाशॉंचा मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक आसपासच्या सगळ्या गावांत नावाजलेला होता, आणि हे सांगत फिरायचं काम तो स्वतःच करायचा. काहिलीतला रस दाटत आला की तो डाव बुडवून उंच धरायचा. काठावरून पाकाचा पदर लोंबू लागला की म्हणायचा, "झाला." मग देवाची आज्ञा आली तरी तो आणखी उकळू द्यायचा नाही.

पण धाकट्या मुलीच्या लग्नात घोटाळा झाला. पाहुण्यांना द्यायला भरलेला पाक पातळ राहिला होता. तो आंबला, आणि ऐन जेवणाच्या वेळी कोट ठेवायच्या खोलीत बरण्यांची झाकणं फटाफट उडाली. विहिणीचा फरचा कोट तेव्हापासून कुणी पाहिलेला नाही.

ओव्हिलाच्या बायकोने, रोझानाने, मग पाकाची गोडी मोजायचा, नळीसारखा रिफ्रॅक्टोमीटर मागवला. स्वस्तातला. वसंतात पहिला पाक झाल्यावर तिने त्याच्या काचेवर थेंब ठेवला आणि नळीला डोळा लावला. आत नुसतं पांढरं. सोबतचा कागद वाचला तेव्हा कळलं, ते द्राक्षवाल्यांचं यंत्र होतं. त्याचे आकडे बत्तिसालाच संपत होते, तयार पाक त्याच्या कितीतरी पुढे.

"मग द्राक्षं लाव," ओव्हिला म्हणाला. "पांढरंच बघायचं तर बाहेर बर्फ आहे की, फुकट."

रोझाना शहरातल्या दुकानात गेली. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "कच्च्या रसासाठी की तयार पाकासाठी?" पाकाचं यंत्र अठ्ठावन्नपासून सुरू होत होतं. ते पाण्याने तपासता येत नाही, सोबतच्या बाटलीतल्या तेलाचा थेंब लावायचा, हेही त्याने तिला दाखवलं.

घरी आल्यावर तिने थेंब ठेवला, झाकण दाबलं, तो निवू दिला आणि नळी खिडकीकडे धरली. "त्रेसष्ट. सहासष्ट हवेत. उकळू दे अजून."

"डाव म्हणतोय झाला."

"डाव मागच्या वर्षीही म्हणाला होता. विहीणबाईंना विचार."

ओव्हिलाने तिच्या हातून नळी ओढून घेतली. बराच वेळ बघून म्हणाला, "हेही पांढरंच. पुन्हा द्राक्षांचंच दिलंय तुला."

"वर निळं आहे, खाली पांढरं. मधे रेघ."

"कुठाय निळं?"

या वेळी आवाजात टोमणा नव्हता. रोझानाला आठवलं, गेल्या रविवारी चर्चबाहेर याने शेजारच्या फोर्तुनाच्या बायकोला "काय रे फोर्तुना" म्हणून हाक मारली होती. सगळे हसले होते, त्याची नेहमीची थट्टा समजून.

"ओव्हिला, तुला डाव नीट दिसतो का?"

"जरा धूसर. वाफ असते ना."

"रस्त्यावरही वाफ असते?"

तो काहिलीतला फेस काढत राहिला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरला कळलं तर गाडी चालवू देणार नाहीत."

"मी चालवीन. तू शेजारी बसून चुका काढ. त्याला काही परवाना लागत नाही."

तो पाक त्यांनी रोझानाच्या सांगण्यावरून उतरवला. उन्हाळ्यात ओव्हिलाच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर त्याने बायकोकडे निरखून पाहिलं.

"रोझाना, इतक्या सुरकुत्या कधी पडल्या तुला?"

"तू बघत नव्हतास तेव्हा."

पुढच्या वसंतात त्याने डाव उचलला, "झाला" म्हणाला आणि श्वास रोखून नळीला डोळा लावला. रेघ सहासष्टच्या केसभर वर होती. त्याने ती रोझानाला दाखवली, जावयाला दाखवली, टपाल घेऊन आलेल्या बाईलाही दाखवली.

हल्ली नळी त्याच्या खिशातच असते. बोलावलं नसताना तो शेजाऱ्यांच्या काहिलीपाशी जातो, थेंब घेतो आणि त्यांचा पाक कसा कच्चा आहे ते त्यांना समजावून सांगतो. फोर्तुनाची बायको तर तो वळणावर दिसला की दाराला आतून कडी लावते.