पाणी थांबलं त्या दिवशी

लग्न होऊन ती धबधब्याशेजारच्या विश्रामगृहात आली, तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. नवरा तिथे आचारी. डोंगरातून येणारा ओढा स्वयंपाकघरामागेच कड्यावरून खाली उडी घ्यायचा. साधं मीठ मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. चादरी धुता धुता, खोल्या आवरता आवरता तिचा आवाज असा काही सुटला, की सगळे तिला भोंगावहिनी म्हणू लागले. तिनेही ते हसण्यावारी नेलं. पाहुणे धबधब्यासमोर हरखून उभे राहत. तिच्या लेखी तो घरातलाच एक बडबड्या माणूस होता.

एका सकाळी तिला जाग आली ती कानात दडे बसल्यासारखी. वर कुठेतरी दरड कोसळून ओढा अडला होता. कड्यावरून नुसतं पाणी ठिबकत होतं. पाहुण्यांचा हिरमोड झाला. दुपारपर्यंत झाडून सगळे निघून गेले.

ती स्वयंपाकघरात आली. नवरा पाठमोरा कांदा चिरत होता. पाटावर सुरी कशी वाजते ते तिला आज पहिल्यांदाच ऐकू आलं. गंमत वाटून ती हळूच म्हणाली, "अहो, किती शांत झालंय."

तो चिरतच राहिला. ती जवळ जाऊन पुन्हा बोलली. सुरी थांबली नाही.

तिने खांद्याला हात लावला तसा तो दचकला. तिचा चेहरा पाहून काय ते समजला आणि स्टुलावर बसून उगाच हात पुसत राहिला. ऐकू येणं कधीपासून कमी झालं, हे त्यालाही धड सांगता येईना. तिथे सगळेच ओरडायचे, हातवारे करायचे. त्यात त्याचं खपून गेलं. कामावरून काढतील या धास्तीने तो गप्प राहिला होता.

"मला तरी सांगायचंत," ती कानाशी वाकून म्हणाली.

"तुझा आवाज येतो ना मला," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांचे गेले. तुझा तेवढा येतो."

हसावं की रडावं, तिला कळेना.

ओढा पुन्हा वाहू लागला, त्या आठवड्यात ती त्याला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. व्यवस्थापकालाही तिनेच सांगितलं. तो जरा कुरकुरला, पण आचाऱ्याच्या हातची चव त्याला सोडवेना. स्वयंपाकघरातल्या घंटीच्या जागी लाल दिवा बसला.

डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र मात्र धबधब्यापाशी नुसतं किंचाळतं, म्हणून ते खिशातच असतं. सुट्टीच्या दिवशी दोघं उतारावरच्या वळणापर्यंत चालत जातात. तिथे पाण्याचा आवाज पोचत नाही. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून तो यंत्र कानात घालतो. ती आठवड्याचं सगळं सांगायला लागते.

"अगं, हळू बोल," तो म्हणतो.

ती पदराने तोंड पुसते आणि हळू आवाजात पहिल्यापासून सांगू लागते.