मेहुणीची हजेरी

खंडेनवमीच्या दिवशी मी पीएलसीची, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, मॉड्यूलं उपटून फडक्याने लख्ख पुसली, आणि परत बसवताना त्यातल्या दोहोंच्या जागांची नकळत अदलाबदल केली. मला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. मानपाड्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून, पान्यांपासून वजनकाट्यापर्यंत सगळं पुसून पूजेला मांडतात. मी पॅकिंगचा सुपरवायझर. पान्यांना हळदकुंकू वाहून झालं, वीज बंदच होती, तेव्हा नव्या कंट्रोल पॅनेलनेच काय पाप केलंय असं वाटून मी त्याचं दार उघडलं. ते पॅनेल उभं केलेलं माझ्या धाकट्या मेहुणीने, आणि तिच्याइतका संशयी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

आमच्या लग्नात ही फ्रॉकमध्ये होती. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी अक्षता सगळ्यांना पोचल्या का, हे ती प्रत्येकाची मूठ उघडायला लावून बघत फिरली होती. माझीसुद्धा उघडायला लावली. वर्तकनगरच्या माझ्या सासुरवाडीत आजही दिव्यांच्या प्रत्येक बटणावर तिने चिकटवलेला नंबर आहे. दाराची बेल नवी बसवली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी आणि सासरे बिचारे बाहेर. दाबा बाबा, सोडा बाबा, आता पाणी चालू ठेवून ऐकू येते का बघू, परत दाबा बाबा. शेवटी शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि त्यांनी सासऱ्यांना विचारलं की घरात घेत नाहीत का हो तुम्हाला.

कारखान्यातही तिचा हाच खाक्या. पॅनेलमध्ये ओळीने बसलेल्या मॉड्यूलांपैकी काही म्हणजे कान, काही म्हणजे हात. कान बातमी आणतात की डबा आला, टाकी भरली. हात हुकूम सोडतात की नळ उघड, पट्टा थांबव. लाईनवरच्या एकेका सेन्सरपाशी माणूस उभा करायचा, त्याने सेन्सरसमोर हात धरायचा, इकडे मॉड्यूलवरचा बारीक दिवा लागला की ही म्हणणार, ‘हजर.’ मग पुढचा. आमचा फिटर एकदा वैतागून म्हणाला की मॅडम, हा तर काल बघितलेला. ती म्हणाली, ‘काल होता. आज आहे का ते बघू.’

कुठल्या जागी कुठलं मॉड्यूल आहे हे कॉम्प्युटरवर आधी भरून द्यावं लागतं. ते त्याला दिसत नाही का, असं मी विचारलेलं. त्यावर तिने सासूबाईंचा मिसळणाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. ‘आई फोडणी टाकताना आत बघते का? तिला वाटी पाठ आहे. मोहरीच्या वाटीत कोणी मेथ्या भरल्या तर मेथ्याच पडणार.’ म्हणून तिने अशी सोय करून ठेवली होती की भरलेलं आणि बसवलेलं जुळलं नाही, तर यंत्र सुरूच होणार नाही. शेठना हा फाजील सोवळेपणा वाटायचा. पण ती हटली नाही.

आणि हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. नोकरी सोडून, घरच्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून तिने स्वतःचा धंदा मांडला होता, आणि शेठकडे शब्द मी टाकला होता. दसऱ्यानंतर मोठं गिऱ्हाईक लाईन बघायला येणार होतं. त्यांच्यापुढे लाईन चालली तर बाकीच्या लाईनीही हिच्या. नाहीतर हेच काम करणारी ठाण्याची जुनी पार्टी तयारच होती.

दसऱ्याची सुट्टी संपली, पाहुणे येऊन केबिनमध्ये चहा घेत बसले, शेठनी बटण दाबलं आणि पॅनेलवर लाल दिवा लागला. शेठ तिला हळू आवाजात म्हणाले की ती तुझी अट काढून टाक आणि चालू कर. मीही पुढे होऊन म्हणालो, अगं, आजच्यापुरती काढ ना. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘काढायला एक मिनिट लागेल, शेठ. मग कुठला नळ कधी उघडेल ते मला विचारू नका.’

वीज बंद करून तिने दार उघडलं. आत प्रत्येक मॉड्यूलच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं.

‘भावोजी, पूजा कोणी केली?’

मी म्हटलं, मीच केली, अगदी मनोभावे.

तिने ती दोन मॉड्यूलं आपापल्या जागी बसवली, लाल दिवा गेला. शेठचा हात बटणाकडे गेला, पण हिने तो अडवला. आता पूर्ण हजेरी, म्हणाली. पाहुणे कंटाळून केबिनबाहेर आले आणि तिथेच खिळले. हजर, हजर, हजर. सगळे हजर झाल्यावर तिने शेठना मान हलवून खूण केली, आणि डबे असे शिस्तीत भरत निघाले की झाकणावर एक थेंब नाही. पाहुण्यांपैकी वयस्कर गृहस्थांनी विचारलं, या कोण? शेठ तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, ‘माझी मेहुणी.’ लाल दिवा कोणामुळे लागला होता हे त्या क्षणी मी साफ विसरून गेलेलो.

बाकीच्या लाईनी तिलाच मिळाल्या. आता बाळकुमला तिचं ऑफिस आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि तीही म्हणे फोन उचलल्यावर ‘हजर’ म्हणतात. मी नोकरीत होतो तोवर दर थोड्या दिवसांनी तिची कारखान्यात फेरी व्हायची, मग कँटीनमध्ये आमचा चहा. चहात साखर आहे का, हे ती माझ्या कपातलाही घोट घेऊन बघायची. आता मी घरी, ती गावोगाव. परवा न राहवून फोन केला, म्हटलं, अगं, मानपाड्याला कधी येणारेस, आलीस की आमच्याकडे जेवायला ये.

‘काही बिघडलं की बोलावतील ना, भावोजी,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही रिटायर झाल्यापासून तिथे काही बिघडतच नाही.’